कॅथेड्रलची घंटा आणि लग्नाच्या ओव्या



आज आपण जुन्या गोव्याला जाऊया. गोवा म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो, पण हे गाव समुद्रावर नाही. ते मांडवी नदीच्या काठावर आहे, पणजीपासून साधारण दहा किलोमीटर आत. पणजीहून कदंबच्या बसने अर्ध्या तासात पोचता येतं. तिथे सेंट कॅथरीनचं कॅथेड्रल आहे. गोव्यात त्याला नुसतं 'से' म्हणतात.

बचत गटाच्या सहलीत आम्ही मंगेशी आणि शांतादुर्गेचं दर्शन घेऊन परतत होतो, तेव्हा या चर्चवरून गाडीत वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, एवढ्या लांब आलोय तर बघून जाऊ. काहीजणींचं म्हणणं, ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांच्या चर्चमध्ये कशाला पाय ठेवायचा? प्रश्न खोटा नव्हता. आताच जे देव आम्ही फोंड्याच्या बाजूला बघून आलो, ते मूळचे तिथले नव्हतेच. पण त्या प्रश्नाचं उत्तर चर्चच्या बाहेर उभं राहून मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळ्याच आत गेलो, आणि परत आल्यावर मिळेल ते वाचलं. त्यातलं आज तुम्हाला सांगतो.

आधी नाव. 'से' हा पोर्तुगीज शब्द, त्याचा अर्थ आसन, गादी. जिथे बिशपची गादी असते ते कॅथेड्रल. रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझूचं चर्च आहे, तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेलं आहे, आणि माणसांची झुंबड तिकडेच असते. पण गादी तिथे नाही, ती इथे. १५५७ साली गोव्याला आर्चबिशपची गादी झाली आणि आफ्रिकेच्या टोकापासून चीन-जपानपर्यंतची चर्चं या एका गादीच्या हाताखाली आली. मांडवीकाठच्या या गावाचा कारभार तेव्हा एवढा पसरलेला होता.

इमारत मोठी म्हणजे किती मोठी? लांबी सुमारे अडीचशे फूट. सात एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढी. रुंदी एकशे ऐंशी फुटांच्या आसपास. १५६२ साली काम सुरू झालं, मुख्य बांधकाम १६१९ ला संपलं आणि वेद्यांचं काम १६५२ पर्यंत चाललं. नव्वद वर्षं. म्हणजे पाया खणणाऱ्याच्या पणतवंडांनी शेवटचा सोनेरी मुलामा बघितला असेल. खर्च पोर्तुगालच्या राजाच्या खजिन्यातून झाला. दगड मात्र इथलाच, आपला जांभा, चिरा. आपल्या घरांच्या भिंती ज्याच्या, त्याच्याच या भिंती. वरून चुन्याचा गिलावा दिला म्हणून त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. पावसाळ्यात जांभ्याला गिलावा नसला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बॉम जेझूचा गिलावा मागच्या शतकात काढून टाकला, त्यामुळे ते लाल दिसतं. पर्यटकांना तो लाल रंग आवडतो, पण मूळ रूप ते नव्हे.

कॅथेड्रलच्या समोर उभं राहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. डाव्या हाताला मनोरा आहे, उजव्या हाताला नाही. पूर्वी दोन होते. उजवा १७७६ साली कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. कारण तोवर गावच ओस पडत चाललं होतं. एके काळी इथे जहाजांची रांग लागायची, घोडे, मसाले, रेशीम यांचा बाजार भरायचा. त्याच रस्त्यावर माणसंही विकायचे. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ पासून काही वर्षं इथल्या आर्चबिशपचा चिटणीस होता. त्याने नंतर पुस्तक लिहिलं, त्यात गोव्याच्या बाजारात गुलाम बायका-पुरुष विकले जाताना बघितल्याचं वर्णन आहे. श्रीमंतांच्या घरचं पाणी हे गुलाम बाहेरच्या झऱ्यावरून आणायचे. शहरातल्या विहिरी नंतर नंतर खराब झाल्या. एवढी दाट वस्ती, मलमूत्र जमिनीत मुरलेलं आणि जांभा जाळीदार. पटकी, हिवताप आणि तापाच्या साथी येत राहिल्या. व्हाइसरॉयने आधी आपला वाडा हलवला, मग बाकीचे हलले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या घरांचे चिरे काढून नव्या घरांना लावले. म्हणून आज इथे चर्चं तेवढी उभी आहेत, मधे हिरवळ आहे, आणि गाव नाही. घाण पाण्याने राजधानी हलवली, हे आपल्या पाणी समित्यांच्या बैठकीत सांगायला हरकत नाही.

आता हे कॅथेड्रल सेंट कॅथरीनचं का? पोर्तुगीज सरदार अल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर १५१० साली घेतलं. एकदा घेतलं, हातचं गेलं, आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. तो दिवस सेंट कॅथरीनच्या सणाचा. म्हणून तिचं नाव. शहर पडल्यावर मुसलमानांची कत्तल झाली, तिचं वर्णन अल्बुकर्कने स्वतः आपल्या राजाला पत्रात लिहून कळवलं. मागे राहिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींना बाप्तिस्मा देऊन पोर्तुगीज शिपायांशी लग्न लावून देण्यात आलं. शिपायांना त्यासाठी घरं आणि जमिनी मिळाल्या. इतिहासाच्या पुस्तकात याला 'विवाहाचं धोरण' म्हणतात. त्या बायकांना कोणी काही विचारलं असेल असं आम्हाला वाटत नाही. याच अल्बुकर्कने गोव्यात सती जाण्यावर बंदी घातली, हेही तितकंच खरं. बंगालमध्ये तशी बंदी यायला अजून तीनशे वर्षं होती. एकाच माणसाच्या नावावर दोन्ही गोष्टी आहेत, त्या दोन्ही सांगायला हव्यात.

आत गेलं की आधी थंडावा जाणवतो, मग उंची, आणि मग समोर, अगदी शेवटी, सोन्याची भिंत. लाकडावर कोरीव काम करून त्यावर सोन्याचा वर्ख दिलेली ही वेदी म्हणजे सेंट कॅथरीनची गोष्टच आहे, चौकटीचौकटीत सांगितलेली. गोष्ट अशी: कॅथरीन इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली, शिकलेली मुलगी. रोमन बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन वाद घालू लागली. त्याने पन्नास पंडित बोलावले, तिने पन्नासांना हरवलं. मग तिला खिळ्यांच्या चाकावर घालायचं ठरलं, चाक मोडलं. शेवटी तिचं मस्तक उडवलं. ही आख्यायिका आहे. पण ज्या काळात बाईने पंडितांशी वाद घालणं ऐकवत नसे, त्या काळात अशा बाईला एवढ्या मोठ्या वेदीवर बसवलं, याचं आमच्या गटातल्या मुलींना फार कौतुक वाटलं. तिची चूक काय, तर राजाने सांगितला तो धर्म तिने मानला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दारातून आत शिरल्यावर बाजूला एक जुनं दगडी पात्र आहे. बाप्तिस्म्याचं पाणी त्यात ठेवायचे. फ्रान्सिस झेवियरने ते वापरलं असं मानतात. लोक त्याच्याजवळ जरा थांबतात आणि पुढे जातात. आम्ही इथे जास्त वेळ थांबायला सांगू.

१५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक कायदा आला. गोव्यात ज्या हिंदू मुलांना आई-वडील, आजी-आजोबा कोणीच नाही, त्यांना पाद्र्यांच्या सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायचं आणि त्यांना ख्रिस्ती करून वाढवायचं. कागदावर वाचलं तर वाटेल, अनाथांची सोय. पण पुढे अंमल करताना अर्थ ताणला गेला. ज्याचा बाप मेला ते मूल अनाथ. आई जिवंत आहे? असू दे. आजोबा आहेत? असू देत. म्हणजे आईला पालक म्हणून धरलंच नाही. विचार करा, घरचा कर्ता माणूस गेला आहे, अजून दिवसही झाले नाहीत, आणि त्याच वेळी पोरांना लपवून रात्री होडीतून नदीपलीकडे नातेवाइकांकडे पोचवायची घाई. असं खरोखर झालं. याबद्दलच्या तक्रारी आणि भांडणं पुढे शंभर-दीडशे वर्षं चालली, त्यांची कागदपत्रं आहेत. विशेष म्हणजे ज्या राजाच्या नावाने हा कायदा निघाला तो सेबॅस्टियन तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचा बाप तो जन्मायच्या आधीच वारला होता. राज्य त्याची आजी बघत होती. तिचं नावही कॅटरिना. चर्चच्या दारावर लॅटिनमध्ये जो लेख आहे त्यात याच सेबॅस्टियनच्या कारकिर्दीत बांधकाम सुरू झाल्याचं लिहिलं आहे.

धर्म बदलण्याची कारणं नेहमी जुलमाचीच होती असंही नाही. कुणाला नोकरी, कुणाला करातून सूट, कुणाला जातीच्या जाचातून सुटका. बायकांच्या बाबतीत आणखी एक होतं: मुलगा नसलेल्या घरात बायको किंवा मुलगी ख्रिस्ती झाली तर तिला वारसा मिळेल असे नियम पोर्तुगिजांनी केले. आपल्या तेव्हाच्या रिवाजात विधवेला काय मिळायचं ते वेगळं सांगायला नको. त्या नियमांमागे हेतू काय होता ते उघड आहे. पण ज्या बाईच्या डोक्यावर छप्पर राहिलं तिने हेतूचा विचार केला असेल का? गोव्यात आजही नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा हक्क कायद्याने धरला जातो, त्याची गोष्ट मोठी आहे, ती स्वतंत्र भागात सांगू.

कॅथेड्रलपासून नदी जवळ. पलीकडे दिसतं ते दिवाडी बेट. सप्तकोटेश्वर मूळ त्या बेटावरचा. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. सप्तकोटेश्वराचं लिंग लोकांनी नदीपलीकडे डिचोलीत नार्व्याला नेलं. तिथलं देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी बांधून दिलं, तसा शिलालेख आहे. १५६० नंतर साष्टी आणि बारदेशातल्या देवळांची पाळी आली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता, म्हणून एवढे देव त्या एका तालुक्यात. देवांबरोबर माणसंही निघाली. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, खाली कारवार, मंगळूर. आपल्या भागात कितीतरी घरांचे कुलदेव गोव्यात आहेत ते यामुळे. मागे जे राहिले त्यांच्यातल्या पुष्कळांनी धर्म बदलला. लक्षात घ्या, गेलेले आणि राहिलेले हे एकाच घरातले भाऊ, एकाच घरातल्या जावा होत्या.

आता घंटा. उरलेल्या मनोऱ्यात पाच घंटा आहेत. त्यातली मोठी ती 'सोन्याची घंटा'. सोन्याची नाही, आवाज तसा भरदार म्हणून नाव. तिच्याबद्दल गाईड हमखास सांगतात आणि ते खरं आहे: धर्मन्यायालयाच्या शिक्षा जाहीर व्हायच्या त्या दिवशी ती वाजायची.

धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन. गोव्यात ते १५६० साली आलं, १८१२ ला कायमचं बंद झालं, मधे चार वर्षं तेवढी खंड पडला. त्याची कचेरी कॅथेड्रलसमोरच्या चौकात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात होती. लोक तिला 'व्हडलें घर' म्हणत, मोठं घर. आज तिथे एक दगडही उभा नाही. डेलॉन नावाचा फ्रेंच डॉक्टर तिथे दोन वर्षं कोठडीत होता. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने सगळं लिहून काढलं. उजाडायच्या आधी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली, लोक रस्त्यांवर जमले आणि कैद्यांना अनवाणी गावभर फिरवत शेजारच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये नेलं, असं तो सांगतो. हे १६७६ सालचं. एकूण खटले सोळा हजारांच्या घरात झाले असं धरलं जातं. जाळून मारलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, पण भीती संख्येवर चालत नाही. ती घंटेवर चालते.

हे न्यायालय कुणासाठी होतं? पुष्कळांना वाटतं हिंदूंसाठी. मुख्यतः ते ख्रिस्ती लोकांसाठी होतं. एकदा बाप्तिस्मा झाला की मग जुनं काही करायचं नाही, केलं तर गुन्हा. आधी नजर गेली ती पोर्तुगालहून आलेल्या ज्यू वंशाच्या लोकांवर. त्यांना तिकडे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेलं होतं आणि घरात ते गुपचूप आपले सण पाळतात असा संशय होता. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा नामांकित वैद्य होता, याच वंशातला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. आपल्याकडच्या औषधी झाडपाल्यावर त्याने १५६३ साली पुस्तक छापलं. ते संवादासारखं आहे, आणि त्यात मधे मधे तो आंतोनिया नावाच्या दासीला हाक मारून फळ आण, मुळी आण असं सांगतो. (औषधाची झाडं त्या आंतोनियाला किती माहीत असतील, याची चर्चा आमच्यात झाली.) हा ओर्ता १५६८ साली वारला. त्याच्यामागे त्याच्या बहिणीला पकडलं आणि १५६९ मध्ये ज्यू धर्म पाळल्याबद्दल तिला जाळलं. पुढे ओर्ताचीही हाडं उकरून जाळली. बहिणीचं नाव कॅटरिना. म्हणजे कॅथरीनच. तेव्हा कॅथेड्रलचं काम चालू होऊन सात वर्षं झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट राजांची, पाद्र्यांची, वैद्यांची. आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे.

१७३६ सालच्या एप्रिलमध्ये धर्मन्यायालयाने एक जाहीरनामा काढला. नव्याने नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या घरांसाठी. त्यात काय करायचं नाही याची लांबलचक यादी आहे. लग्नात नवरा-नवरीला हळद लावायची नाही. बायकांनी ओव्या म्हणायच्या नाहीत, मोठ्याने नाही आणि हळूही नाही. नवरीच्या घरी पानं, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागरण करायचं नाही. एकादशीचा उपास करायचा नाही. दारात, परसात तुळस ठेवायची नाही. हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही.

भातात मीठ घालायचं की नाही! राज्य समुद्रापार, तोफा, जहाजं, एवढं मोठं कॅथेड्रल, आणि काळजी कशाची, तर चुलीवरच्या भाताची. ही यादी अ. का. प्रियोळकर यांच्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात आहे. प्रियोळकर मूळ गोव्याचे, मराठीचे मोठे अभ्यासक, त्यांनी ते पुस्तक १९६१ मध्ये इंग्रजीत लिहिलं. आम्ही गटात ती यादी सांगितली तेव्हा आधी हसू आलं. मग एकीने विचारलं, "म्हणजे तोवर त्या सगळं करतच होत्या की!" अगदी बरोबर. जे कोणी करत नाही त्यावर बंदी कोण घालतं? न्यायालय येऊन १७६ वर्षं झाली होती. त्या १७६ वर्षांत सात-आठ पिढ्यांच्या बायकांनी हळद वाटली, सटी जागवली, तुळशीला पाणी घातलं, रविवारी चर्चमध्ये गेल्या आणि घरी येऊन बिनमिठाचा भात शिजवला. त्यांचं नाव कुठल्या कागदावर नाही. त्या काय करत होत्या हे आपल्याला कळतं ते त्यांना अडवणाऱ्यांच्या कागदावरून. यादी तपशिलात आहे, कारण कोणीतरी घरात डोकावून, विचारून, चुगल्या ऐकून ती केली आहे.

बसमधल्या प्रश्नाचं आमचं उत्तर या यादीजवळ सापडलं. हा जाच ज्यांनी सोसला त्या आजच्या गोव्यातल्या ख्रिस्ती बायकांच्या पणज्या-खापरपणज्या. जाच करणारे निघून गेले.

आणखी एक गंमत सांगतो. ज्या ओवीवर १७३६ मध्ये बंदी आली, त्याच ओवीत शंभर वर्षं आधी एका पाद्र्याने पुराण लिहिलं होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा माणूस, १५७९ साली गोव्यात आला तो मरेपर्यंत इथेच राहिला. इथली भाषा शिकला. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणं ऐकायची सवय, ती सुटेना, म्हणून त्याने येशूची गोष्ट मराठीत ओवीबद्ध लिहिली. तेच 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापलं, दहा हजारांवर ओव्या. चर्चमध्ये रविवारी ते वाचत. माणसाच्या मनात शिरायचं तर त्याच्या गाण्यातून शिरावं, एवढं त्याला कळलं होतं. पुढच्यांना ते नको झालं. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. तीन वर्षांत! आज गोव्यातल्या चर्चांमध्ये प्रार्थना कोकणीत होते.

हळदीचं काय झालं? गोव्यात किंवा आपल्याकडे सावंतवाडीत ख्रिस्ती शेजारणीच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी गेलात तर कळेल. त्या दिवसाला 'रोस' म्हणतात. नारळ खवून, वाटून त्याचा रस काढतात. नवरीला तिच्या घरी, नवऱ्याला त्याच्या घरी मध्ये बसवतात. घरची मोठी बाई सुरुवात करते, मग सगळ्या नातेवाईक बायका रस चोळतात, डोक्यावर ओततात आणि गाणी म्हणतात. त्याआधी चुडा भरायचा कार्यक्रम असतो. नवरीच्या मामाच्या घरी कांकणकार येतो, हिरव्या बांगड्या भरतो. नवरा वारला तर त्याच्या शवपेटीवर त्या बांगड्या फोडायची रीतही होती. चांगलं ते टिकलं तसं बोचणारंही टिकलं. विधवेच्या बांगड्यांचं आपण आपल्या गावात काय करतो, हे त्यांना विचारण्याआधी आपल्याला विचारावं लागेल.

आणि तुळस? गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरांसमोर चौथऱ्यावर क्रूस असतो. चौथरा चौकोनी, कमरेएवढा, संध्याकाळी त्यावर मेणबत्ती लावतात. फक्त चौथरा बघितला तर वृंदावनच.

कॅथेड्रल बघायला जायचं तर शक्य असेल तेव्हा ऑगस्टमध्ये जा. पाऊस असतो, पण तेव्हा ताळगावचे गावकार नव्या भाताची कणसं घेऊन इथे येतात. ताळगाव पणजीजवळचं जुनं भातशेतीचं गाव. तिथे पहिली कणसं कापली जातात, त्यांची पूजा होते, ती देवाला वाहतात. त्याला 'कणसाचें फेस्त' म्हणतात. आपण गणपतीच्या दिवसांत नवं आणतो, दाराला बांधतो, तेच. सोन्याच्या वेदीपुढे हिरव्या भाताची पेंडी ठेवलेली असते, आणि ती आणणारे हात शेतकऱ्यांचे असतात.

जाताना दोन गोष्टी सांभाळा. हे पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालचं स्मारक आहे, जागतिक वारशाच्या यादीत १९८६ पासून आहे, तरी ते चालू देवस्थान आहे. डोकं झाकायची सक्ती नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थना चालू असेल तर मागे बाकावर शांत बसा, फोटो नंतर. आत 'चमत्काराचा क्रूस' असलेली एक बाजूची खोली आहे, तिथे माणसं नवस बोलायला येतात. तिथे गडबड करू नका. बाहेर आल्यावर घंटेचा मनोरा बघा, आणि मग चौकात जिथे मोठं घर होतं त्या मोकळ्या जागेत थोडा वेळ बसा.

तुमच्या गावात हळदीला, सटीला, जात्यावर कोणत्या ओव्या म्हणतात? ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती वस्ती आहे त्यांनी रोसाची गाणीही विचारून बघा, म्हाताऱ्या बायकांना पुष्कळ येतात. फोनवर ध्वनिमुद्रण करून आम्हाला पाठवा. म्हणणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि ती ओवी तिला कुणी शिकवली, एवढं मात्र सोबत नक्की सांगा.